एक लॅपटॉप, सगळ्या घराचं नेट

दापोलीत माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. लॅपटॉप परत न्यायला आलेलं गिऱ्हाईक पैसे देऊन झाल्यावर, पायरी उतरता उतरता बऱ्याचदा एकच प्रश्न विचारतं: "काय हो, याच्यावरचं नेट घरातल्या बाकीच्यांच्या फोनना देता येईल का?" देता येतं. आजकाल ते एका बटणाचं काम आहे. सेटिंगमध्ये मोबाइल हॉटस्पॉट नावाचं पान उघडायचं, बटण सरकवायचं, झालं. मात्र बटण सरकवलेल्या माणसाचाच रात्री साडेदहाला मला फोन का येतो, हे बटणाच्या शेजारी कुठे लिहिलेलं नसतं. घरोघरी जाऊन ही जोडणी करून देताना जे ध्यानात आलं ते खाली मांडतो. पहिला मुद्दा पहिलाच वाचा, बाकीचे कसेही वाचलेत तरी चालतील.

१. नेट येतं कुठून, हे आधी विचारावं.

"वायफाय आहे" एवढ्या उत्तरावर माझं समाधान होत नाही. लॅपटॉपमध्ये नेट तारेने येतंय, यूएसबीला लावलेल्या फोनमधून येतंय, की हवेतूनच येतंय? पुढचं सगळं यावर ठरतं. आत यायला तार आणि बाहेर जायला हवा, ही सगळ्यांत बिनघोर मांडणी. लॅपटॉपचं वायफाय कार्ड तेव्हा मोकळं असतं आणि सगळा वेळ घरच्या फोनना देतं.

हवेतून घेऊन हवेतूनच द्यायचं झालं तर एकाच पोहऱ्याने विहिरीतून पाणी काढायचं आणि त्याच पोहऱ्याने ते पोफळींना घालायचं, असा प्रकार होतो. लॅपटॉपमध्ये वायफायचा रेडिओ साधारणपणे एकच असतो. राउटरकडून माहितीचा एक तुकडा घ्यायचा, मग तोच तुकडा फोनकडे पाठवायचा, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट खर्ची पडतो आणि वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. आता गंमत बघा. ज्यांची लाइन मुळात दहा-पंधरा एमबीपीएसची आहे त्यांना हे निम्मं होणं कळतसुद्धा नाही, कारण लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला हवेतला वेग त्याच्या कितीतरी पट असतो. बोंब होते ती शंभर किंवा त्याहून जास्त एमबीपीएसचं फायबर घेतलेल्यांची, आणि ज्यांचा लॅपटॉप राउटरपासून दोन खोल्या लांब आहे त्यांची. म्हणून "स्पीड निम्मा झाला" अशी तक्रार आली की मी आधी लाइन किती एमबीपीएसची आहे ते विचारतो.

मॅकवाल्यांनी इथेच थांबून विचार करावा. मॅकमध्ये इंटरनेट शेअरिंगची सोय फार जुनी आणि चांगली आहे, पण वायफायने घेतलेलं नेट वायफायनेच वाटायला ती साधारणपणे परवानगी देत नाही. तारेने घ्या आणि वायफायने वाटा, असा तिचा खाक्या. उबुंटूसारख्या लिनक्सच्या सेटिंगमधून हॉटस्पॉट सुरू केलात तर लॅपटॉप ज्या वायफायला जोडलेला होता ते आधी तुटतं. तिथेही आत तारच हवी, नाहीतर आज्ञा टाइप करण्याची तयारी हवी.

२. एका फोनला नाव दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही. दोष फोनचा नसतो.

एका निवृत्त गुरुजींच्या घरचा किस्सा. नातवाच्या फोनवर लॅपटॉपच्या हॉटस्पॉटचं नाव दिसत होतं, फोन जोडलाही गेला होता. आजींच्या फोनवर त्या नावाचा पत्ता नाही. गुरुजींचं निदान तयार होतं: "हिचा फोन जुना झालाय, नवा घेऊ या." आजी म्हणाल्या, "माझ्या फोनला काही झालेलं नाही. त्या लॅपटॉपलाच मी चालत नसेन."

आजींचं म्हणणं जवळजवळ बरोबर होतं. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. आपल्याकडे २.४ची पट्टी २००५ मध्ये परवान्याशिवाय वापरायला मोकळी झाली, तर ५ गिगाहर्ट्झची मोठी पट्टी २०१८ मध्ये. त्याआधीचे स्वस्त फोन, आणि नंतरचेही बरेच स्वस्त फोन, फक्त २.४वर बोलतात. आता मेख अशी की ज्या लॅपटॉपला रेडिओ एकच आहे तो ज्या चॅनलवर नेट घेतो त्याच चॅनलवर सहसा वाटतो. गुरुजींचा लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडलेला होता, त्यामुळे हॉटस्पॉटही ५वरच उभा राहिला. नातवाचा फोन ५वाला, आजींचा २.४वाला.

उपाय एका मिनिटाचा होता. लॅपटॉप राउटरच्या २.४च्या नावाला जोडला. हॉटस्पॉट आपसूक २.४वर आला आणि आजींना नाव दिसलं. विंडोजच्या हॉटस्पॉट पानावर कोणत्या पट्टीवर वाटायचं ते निवडण्याची सोय आहे, पण ती प्रत्येक कार्डावर चालेलच असं नाही. घेताना ५ आणि देताना २.४ असं एकाच वेळी करणारी कार्डं असतात, पण दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये ती शोधू नयेत.

याच्याच पोटातली आणखी एक भानगड. ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीतले मधले काही चॅनल रडारही वापरतात. त्या चॅनलवर स्वतःचं नेटवर्क उभारणाऱ्या यंत्राला रडारचा कानोसा घेत राहावं लागतं आणि तो ऐकू आला की चॅनल सोडावा लागतो. राउटरला हे जमतं, लॅपटॉपच्या कार्डांना बहुधा जमत नाही. म्हणून राउटर नेमका अशा चॅनलवर असेल तर लॅपटॉप नेट व्यवस्थित घेतो आणि हॉटस्पॉट सुरू करायला सपशेल नकार देतो. काल चालत होता, आज चालत नाही, मध्ये कुणी काही केलेलं नाही, अशी तक्रार आली की मी राउटर ३६ ते ४८ मधल्या एखाद्या चॅनलवर बांधून टाकतो.

३. "सपोर्टेड: नो" असं दिसलं म्हणून हाय खाऊ नये.

जुन्या लेखांमध्ये आणि व्हिडिओंमध्ये एक आज्ञा सांगितलेली असते. काळी खिडकी उघडा आणि 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' टाइप करा, खाली 'होस्टेड नेटवर्क सपोर्टेड' पुढे 'येस' असेल तरच तुमचा लॅपटॉप कामाचा. विंडोज ७च्या काळात हे बरोबर होतं. पुढे हॉटस्पॉटची पद्धत बदलली. विंडोज १० आणि ११मधला हॉटस्पॉट वायफाय डायरेक्ट नावाच्या वेगळ्या रस्त्याने जातो आणि नवे ड्रायव्हर जुन्या पद्धतीपुढे बिनदिक्कत 'नो' छापतात. 'नो' वाचून लोक नवं कार्ड विकत घ्यायला येतात. मी आधी सेटिंगमधलं बटण दाबून दाखवतो. बहुतेक वेळा चालतं आणि माझी विक्री बुडते.

टेबलावरच्या संगणकाचं वेगळं. त्यात बऱ्याचदा वायफायच नसतं, यूएसबीचं चिमुकलं कार्ड लावावं लागतं. अगदी स्वस्त चिमुकल्यांपैकी काही नेट घेतात पण वाटत नाहीत. घेताना दुकानदाराला 'एपी मोड', म्हणजे नेट वाटायची सोय, आहे का असं विचारावं. त्याला माहीत नसेल तर परत घेण्याच्या बोलीवर न्यावं.

४. जुन्या काळाची आठवण ठेवावी, कारण जुने सल्ले अजून फिरतायत.

नेट वाटून घेण्याची सोय विंडोजमध्ये पहिल्यांदा आली ती १९९९च्या विंडोज ९८ दुसऱ्या आवृत्तीत. तेव्हा वाटायचं ते तारेनेच. एक्सपीच्या काळात हवेतून वाटायचा एक आडमार्ग होता, अॅड-हॉक नावाचा. दोन संगणक राउटरशिवाय थेट एकमेकांशी जोडायचे आणि त्यावरून नेट सोडायचं. कुलूप बहुधा डब्ल्यूईपीचं, म्हणजे जाणकाराला काही मिनिटांत उघडता येणारं. नोकियाचे काही फोन अशा जोडणीला ओळखायचे. अँड्रॉइड फोन आले आणि त्यांनी अॅड-हॉककडे पाहिलंसुद्धा नाही. त्या काळात कितीतरी लोकांनी नवाकोरा फोन 'वायफाय खराब आहे' म्हणून दुकानात आणला होता. फोन ठणठणीत असायचा.

२००९ मध्ये विंडोज ७ आलं आणि लॅपटॉपला खऱ्या अर्थाने राउटरसारखं वागता येऊ लागलं, पण ती सोय आज्ञांच्या मागे दडलेली होती. तिच्यावर रंगीत खिडकी चढवून देणाऱ्या कनेक्टिफायसारख्या प्रोग्रॅमांचा मग सुकाळ झाला. डेटाकार्डाचे दिवस होते ते. कॉलेजच्या होस्टेलात एका पोराच्या लॅपटॉपला डेटाकार्ड, आणि खोलीतली बाकीची पोरं त्याच्या मर्जीवर. २०१६च्या ऑगस्टमधल्या विंडोज १०च्या अपडेटने हे बटण थेट सेटिंगमध्ये आणून ठेवलं. तेव्हापासून या कामासाठी वेगळा प्रोग्रॅम उतरवून घ्यायची गरज उरलेली नाही. 'फ्री हॉटस्पॉट' म्हणून जे उतरवलं जातं त्याच्याबरोबर लॅपटॉपमध्ये काय काय येतं, ते निस्तरायला शेवटी माझ्याकडेच यावं लागतं.

५. जोडलं गेलं पण नेट नाही, तर आधी अंक बघावेत.

फोनवर वायफायच्या तपशिलात आयपी पत्ता दिसतो. विंडोजच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनचा पत्ता १९२.१६८.१३७ने सुरू झाला पाहिजे, कारण वाटप करताना लॅपटॉप स्वतःकडे १९२.१६८.१३७.१ हा पत्ता ठेवतो आणि बाकीच्यांना त्याच माळेतले देतो. लिनक्सवर हीच माळ बहुधा १०.४२.०ची असते. फोनला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला किंवा तो 'पत्ता मिळवत आहे' यावरच अडकला, तर लॅपटॉप पत्ते वाटतच नाही असं समजावं. दोष बहुतेकदा बाहेरून घेतलेल्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलमध्ये सापडतो. पाच मिनिटं ती बंद करून बघावी, खात्री झाली की हॉटस्पॉटला तिच्यात वाट करून द्यावी आणि ती परत चालू करावी. ती कायमची बंद ठेवून निघून जाणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

पत्ता बरोबर आहे आणि तरी पान उघडत नाही, तर लॅपटॉप चुकीच्या जोडणीवरचं नेट वाटत असतो. हॉटस्पॉटच्या पानावर वरच 'कोणत्या जोडणीवरून' असा पर्याय असतो. तिथे वायफाय निवडलेलं आणि नेट मात्र तारेने येतंय, हे मला सारखं दिसतं. हॉटस्पॉटचं बटण न वापरता जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअरिंगची टिक हाताने लावणाऱ्यांना अजून एक अनुभव येतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की टिक जागेवर दिसते पण नेट जात नाही. टिक काढायची, ओके करायचं, परत लावायची. लोकांना हे पटत नाही, पण चालतं.

ऑफिसचं व्हीपीएन लावून बसणाऱ्यांच्या घरी वेगळाच तमाशा. व्हीपीएन सुरू झालं की घरच्यांचं नेट गेलंच म्हणून समजा. काही ऑफिसांची व्हीपीएन असं वाटप मुद्दाम अडवतात, आणि ते योग्यच आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवरून घराला नेट वाटूच नये. कुणी विचारलंच तर मी नाही म्हणून सांगतो.

प्रिंटरचा गोंधळ दोन वाक्यांत सांगतो. प्रिंटर राउटरला आणि फोन लॅपटॉपच्या हॉटस्पॉटला जोडलेला असला तर दोघांची माळ वेगळी होते आणि घरातले बाकीचे त्या प्रिंटरला बघतात तसा तो या फोनला आपोआप सापडत नाही. टीव्हीवर फोनचा पडदा दाखवण्याचंही तसंच.

६. पासवर्ड ठेवायचा, आणि शेजाऱ्यांना वाईट वाटलं तरी ठेवायचा.

२६ जुलै २००८ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तो कुठून निघाला हे शोधत तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत येऊन पोचला. घरातलं वायफाय उघडं होतं. ईमेल पाठवणारे दुसरेच होते, पण पत्ता त्या फ्लॅटचा निघाला आणि चौकशीही त्याच दारात आली. पुढच्या वर्षी दूरसंचार विभागाने वायफायला कुलूप लावण्याबद्दल सूचना काढल्या.

लॅपटॉपच्या हॉटस्पॉटला हे जास्तच लागू आहे. त्याच्यामागे कितीही फोन असले तरी बाहेरच्या जगाला सगळे मिळून एकच दिसतात, आणि कुठल्या फोनने केव्हा काय उघडलं याची नोंद घरचा लॅपटॉप आपण होऊन ठेवत नाही. बाहेर दिसतो तो पत्ता तुमचा. रेल्वे स्थानकावर किंवा लॉजमध्ये ओटीपी घालून मिळवलेलं नेट मित्रांना वाटतानाही हेच: ओटीपी तुमच्या नंबरावर आलेला असतो.

पासवर्ड कमीत कमी आठ आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट अक्षरांचा असतो. माझा सल्ला: घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असलेली, पण बाहेर कुणाला न सुचणारी चार-पाच शब्दांची जोडणी इंग्रजी अक्षरांत घालावी. मोबाइल नंबर घालू नये. आळीतल्या निम्म्या लोकांकडे तो असतो. नावातही आडनाव किंवा घरनंबर नको. आणि पासवर्ड वर्षातून एकदा तरी बदलावा, विशेषतः गणपतीनंतर. सणाला आलेले चाकरमानी परत मुंबईला जातात, पण पासवर्ड आधी शेजारच्या पोरांना देऊन जातात.

७. लॅपटॉप वाटायला लागला की तो तुमचा राहत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्याचा लॅपटॉप आहे त्याला वाटतं, काम झालं, झाकण लावलं, उठलो. झाकण लागलं की लॅपटॉप झोपतो, आणि आतल्या खोलीतून आवाज येतो: "अरे, काय केलंस? माझी मालिका थांबली!" एका घरी तर सुनेची ऑनलाइन मुलाखत चालू असताना सासऱ्यांनी वीज वाचवायची म्हणून लॅपटॉप बंद केला होता. मुलाखत परत झाली. सासरे अजून त्या विषयावर बोलत नाहीत.

तांत्रिक इलाज सोपे आहेत. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये 'झाकण बंद केल्यावर काय करायचं' असा पर्याय असतो, तिथे चार्जर लावलेला असताना 'काहीच नाही' निवडायचं. झोपण्याची वेळही चार्जरवर असताना 'कधीच नाही' करायची. पडदा काळा झाला तर बिघडत नाही. हॉटस्पॉटच्या पानावर पॉवर सेव्हिंगचं एक बटण आहे. ते चालू असलं की कुणीच जोडलेलं नसताना हॉटस्पॉट काही मिनिटांत स्वतःहून बंद होतो. दुपारी सगळे झोपले आणि चारच्या चहाला नेट नाही, अशी तक्रार आली की मी तेवढंच बटण बंद करून येतो. मात्र झाकण लावून चालू ठेवलेला लॅपटॉप गादीवर ठेवू नये. तापतो. शिवाय बहुतेक लॅपटॉपची वायफायची अँटेना पडद्याच्या कडेला बसवलेली असते, त्यामुळे झाकण उघडं ठेवलेलं केव्हाही बरं.

घरगुती इलाज त्याहून महत्त्वाचा. ज्या लॅपटॉपवर सगळं घर चालतं तो शाळेत, ऑफिसात, प्रवासात नेला जाणारा नसावा. माळ्यावर पडलेला, बॅटरी गेलेला, कीबोर्डची चार बटणं न चालणारा जुना लॅपटॉप या कामाला उत्तम. त्याला एका जागी बसवा, चार्जर लावून ठेवा आणि त्यावर दुसरं काही करू नका. मग अपडेट येऊन तो आपणहून रीस्टार्ट होण्याची वेळही रात्रीची ठरवून देता येते.

८. फोनला वायफाय दिसलं की तो हात सैल सोडतो.

डेटाकार्डाच्या काळात महिन्याला ठरावीक एक-दोन जीबी मिळायचं आणि काही तारेच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोकळा असायचा. लोक गजर लावून डाउनलोड सुरू करायचे. आता रोजचा डेटा भरपूर असतो, तरी ज्यांचं सगळं घर एका सिमवर चालतं त्यांना जुनीच गोष्ट नव्याने भेटते. यूएसबीने फोन लॅपटॉपला जोडला, लॅपटॉपने वायफाय सोडलं, घरातले चार फोन त्याला लागले आणि दुपारपर्यंत दिवसाचा डेटा खलास. "कुणीच काही पाहिलं नाही हो!" असं सगळे शपथेवर सांगतात, आणि ते खरं बोलत असतात. प्रत्येक फोनला पुढे मोकळं वायफाय आहे असं वाटतं. तो फोटो ढगात चढवतो, अॅप अपडेट करतो, व्हॉट्सअॅपवर आलेले सगळ्या ग्रुपांचे व्हिडिओ उतरवून घेतो.

अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन ते 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारं, आहे असं सांगता येतं. लॅपटॉपमध्येही येणाऱ्या जोडणीला तसंच सांगावं, नाहीतर विंडोजचं अपडेट सगळ्यांच्या आधी जेवून घेतं. फोनचं सेटिंग प्रत्येक फोनवर वेगवेगळं करावं लागतं, म्हणून मी जोडणी करून दिल्यावर चहा होईपर्यंत घरातले सगळे फोन मागून घेतो. काकू फोन देताना जरा बिचकतात. मी सेटिंगशिवाय काही उघडत नाही हे त्यांना दिसेल असं बसतो.

९. चिऱ्याच्या भिंतीपुढे कुणाचं चालत नाही.

आमच्याकडची जुनी घरं जांभ्या चिऱ्याची, भिंती फूटभर किंवा त्याहून जाड, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या. लॅपटॉपची ताकद राउटरपेक्षा कमी असते. ओटीवर ठेवलेला लॅपटॉप माजघरापर्यंत कसाबसा पोचतो, मागच्या पडवीत पोचत नाही. जूनमध्ये त्याहून अलीकडेच थांबतो. ५ गिगाहर्ट्झ तर एका भिंतीतच दमतं, इथे २.४ बरं. लॅपटॉप दाराच्या रेषेत ठेवावा, लोखंडी कपाटाच्या आणि मायक्रोवेव्हच्या शेजारी नको. मायक्रोवेव्हही २.४५च्या आसपासच चालतो.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लॅपटॉपला यूएसबी ३ची बाहेरची हार्ड डिस्क लावली की २.४चं वायफाय अडखळायला लागतं. यूएसबी ३चा गोंगाट नेमका त्याच पट्टीत पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. वायफायचं चिमुकलं कार्ड अशा डिस्कच्या शेजारच्या छिद्रात असेल तर ते छोट्या यूएसबी वायरने फूटभर लांब न्यावं.

१०. आठांच्या पुढे रांग लावू नये.

विंडोजचा हॉटस्पॉट जास्तीत जास्त आठ उपकरणं घेतो. आठ म्हणजे पुष्कळ, असं वाटतं. चार माणसांचे चार फोन, एक टॅब, टीव्ही, आणि आता तर सीसीटीव्ही. पाहुणे आले की नववा माणूस जोडला जात नाही आणि पासवर्ड चुकतोय असं त्याला वाटत राहतं. त्याला जागा मिळायला आधी दुसऱ्या कुणाचा तरी फोन तुटावा लागतो. लग्नघरी हे करून बघू नये.

११. कधी करू नये, आणि कधी याशिवाय भागत नाही.

रोज दिवसभर लागणार असेल तर लॅपटॉपला या कामाला जुंपू नये. घरात जुना राउटर पडलेला असतो. त्याचा पत्ता मुख्य राउटरच्या माळेतला पण कुणी न वापरलेला असा करायचा, पत्ते वाटण्याचं त्याचं काम बंद करायचं आणि मुख्य राउटरची तार त्याच्या लॅन छिद्रात घालायची. निळ्या-पिवळ्या वॅन छिद्रात नव्हे. मागच्या पडवीत वायफाय तयार, सगळे एकाच माळेत, प्रिंटरही सापडतो. तार शंभर मीटरपर्यंत नेता येते, एवढं लांब कुणाचंच घर नसतं. प्रवासात फक्त दोघांना नेट हवं असेल तर फोनचाच हॉटस्पॉट लावावा. आता बऱ्याच अँड्रॉइड फोनना वायफायने घेतलेलं नेटही पुढे वाटता येतं. लॅपटॉप उघडायची गरजच नाही.

लॅपटॉप उपयोगी पडतो तो जिथे तारेची सोय आहे पण वायफाय नाही तिथे: काही लॉजमध्ये, सरकारी विश्रामगृहात, होस्टेलमध्ये, नाहीतर जिथे लॉगिन एकाच उपकरणाला मिळतं तिथे. आणि आमच्याकडे तो उपयोगी पडतो वीज गेल्यावर. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने खांब आडवे केले तेव्हा दापोली-मंडणगडच्या गावांतून कितीतरी दिवस वीज नव्हती. अशा वेळी फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही मुके होतात. टॉवर चालू असेल तर ज्या खिडकीत रेंज येते तिथे फोन ठेवायचा, यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर सगळ्यांना नेट द्यायचं. फोनही त्याच वायरीतून चार्ज होत राहतो. वायर पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नये, त्यापुढे साधी यूएसबी वायर चालत नाही. पडद्याचा उजेड अगदी कमी करावा, लॅपटॉपवर बाकी काही चालवू नये, आणि व्हिडिओ बंद ठेवून फक्त निरोप, फोन आणि बँक एवढ्यावर घर आणावं. तसं केलं तर बरी बॅटरी असलेला लॅपटॉप तीन-चार तास पुरतो. त्याच्या पुढे गाडीच्या सिगारेट छिद्रातून चालणारा चार्जर मिळतो. लॅपटॉप किती वॅटचा आहे ते चार्जरवर वाचूनच घ्यावा.